आग, फरशी आणि काउंट रम्फर्ड

मीरा रोडला किंवा भाईंदरला नव्या फ्लॅटची किल्ली हातात आली की पहिला मोठा कार्यक्रम असतो वास्तुशांतीचा. हॉलमध्ये आरशासारखी चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी, भिंतींना ताज्या रंगाचा वास, आणि मधोमध होमाची तयारी. अशा वेळी जाणते गुरुजी पहिला प्रश्न विचारतात तो समिधांचा नसतो. खाली घालायला विटा आणि वाळू आणली आहे का, हे ते विचारतात. घरमालकाला वाटते, एवढे लोखंडी कुंड आहे, खाली दगडासारखी फरशी आहे, मग विटा कशाला? काही घरांत मग कुंड तसेच फरशीवर ठेवले जाते. अर्ध्या तासाने टाळीसारखा आवाज होतो आणि फरशीला आरपार तडा जातो. हॉलमध्ये लॅमिनेटची लाकडी फरशी किंवा व्हिनाइलचा थर असेल, तर प्रकरण तड्यावर थांबत नाही.

न जळणारी वस्तू आणि उष्णता अडवणारी वस्तू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक आपल्याला शाळेत शिकवला जातो, पण घरात आपण तो विसरतो. हा फरक मोजून दाखवण्यात आणि त्यावर घरातली चूल, शेकोटी आणि धुराडे नव्याने बांधण्यात एका माणसाने आयुष्य घालवले. त्याचे नाव बेंजामिन थॉम्प्सन, म्हणजेच काउंट रम्फर्ड. अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रात तोफेला भोक पाडण्याच्या प्रयोगापुरता तो भेटतो. पण त्याचा मुख्य मुक्काम स्वयंपाकघरात आणि बैठकीच्या खोलीत होता.

भाजलेला मुलगा

बेंजामिनचा जन्म 26 मार्च 1753 रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न या गावी झाला. तेव्हा ती इंग्रजांची वसाहत होती. वडील तो तान्हा असतानाच वारले. घर शेतकऱ्याचे, पैसा बेताचा. तेराव्या वर्षी त्याला सेलम बंदरातल्या एका व्यापाऱ्याच्या दुकानात उमेदवारीला ठेवले. मुलाचे लक्ष मात्र हिशेबाच्या वहीत नव्हते. त्याला रसायने, यंत्रे आणि दारूकाम यांचे वेड होते.

1766 मध्ये इंग्लंडने वसाहतींवर लादलेला स्टॅम्प कायदा मागे घेतला. गावोगाव आनंदोत्सव ठरले. बेंजामिन आतषबाजीचे सामान स्वतःच बनवायला बसला आणि मिश्रणाचा स्फोट झाला. तो गंभीर भाजला, त्याला घरी नेऊन ठेवावे लागले. जीव वाचला, पण दुकानातली उमेदवारी काही फार टिकली नाही.

आगीने असा हात दाखवल्यावर कोणी आयुष्यभर आगीपासून लांब राहिला असता. हा मुलगा उलट तिच्या मागे लागला. मित्राबरोबर पायी चालत तो हार्वर्डला प्राध्यापक विन्थ्रॉप यांची विज्ञानाची व्याख्याने ऐकायला जाई. पुढे तो शाळामास्तर झाला. 1772 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने आपल्याहून बऱ्याच मोठ्या वयाच्या एका श्रीमंत विधवेशी लग्न केले. तिचे गाव पूर्वी रम्फर्ड या नावाने ओळखले जाई. पुढे सरदारकी मिळाली तेव्हा त्याने हेच नाव घेतले.

कर्तबगार, पण साधा सरळ नव्हे

त्याचे चरित्र सांगताना एक गोष्ट लपवता येत नाही. अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध पेटले तेव्हा हा माणूस इंग्रजांच्या बाजूला होता आणि त्यांना गुप्त बातम्या पुरवत होता. 1775 सालचे त्याचे अदृश्य शाईतले पत्र इतिहासकारांना सापडले आहे. शेजाऱ्यांना संशय आला, जमाव अंगावर आला, तेव्हा तो पळाला. मागे पत्नी आणि तान्ही मुलगी सॅरा राहिली. पत्नीला तो पुन्हा कधीच भेटला नाही. मुलगी वडिलांना भेटली ती थेट 1796 मध्ये, बाविसाव्या वर्षी, लंडनला जाऊन.

लंडनमध्ये तो सरकारी नोकरीत चढत गेला. बंदुकीच्या दारूवर त्याने प्रयोग केले. त्या कामावर 1779 मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. 1784 मध्ये इंग्लंडच्या राजाने त्याला सर हा किताब दिला, आणि त्याच सुमारास तो जर्मनीतल्या बव्हेरिया संस्थानात नोकरीला गेला. तिथे त्याने सैन्याचा कारभार हाती घेतला, म्युनिकमध्ये आजही लोक फिरायला जातात ती इंग्लिश गार्डन नावाची मोठी सार्वजनिक बाग आखली, आणि 1792 मध्ये तो काउंट झाला.

उष्णतेच्या अभ्यासाला खरे वळण मिळाले ते म्युनिकच्या भिकाऱ्यांमुळे आणि सैनिकांमुळे. 1 जानेवारी 1790 रोजी त्याने शहरातले भिकारी एका दिवसात गोळा करायला सुरुवात केली आणि त्यांना काम, ऊब आणि जेवण देणारे कारखानावजा घर उघडले. आज अशा सक्तीकडे आपण वेगळ्या नजरेने पाहू. पण त्याच्यापुढचा प्रश्न व्यावहारिक होता. शेकडो लोकांना रोज गरम जेवण द्यायचे तर लाकूड किती लागेल? सैनिकांना कमी पैशात उबदार कपडे कसे द्यायचे? बार्ली, वाटाणे आणि बटाटा यांचे त्याचे स्वस्त सूप पुढे युरोपभर रम्फर्ड सूप म्हणून ओळखले गेले. बटाट्याला लोक नाके मुरडत, म्हणून सुरुवातीला तो ओळखू येणार नाही असा शिजवून घालावा लागला.

उबेचे रहस्य : अडकलेली हवा

कपडे उबदार कशामुळे होतात, हे शोधताना त्याने तापमापकाभोवती लोकर, रेशीम, कापूस, केसाळ कातडी, पिसे असे एकेक पदार्थ भरून तापमापक किती वेळात थंड होतो ते मोजले. राख आणि कोळशाची पूडही त्याने तपासली. निष्कर्ष असा निघाला की ऊब धरून ठेवण्याचे काम धाग्यापेक्षा धाग्यांमध्ये अडकलेली हवा जास्त करते. हलू न शकणारी हवा उष्णतेला पुढे जाऊ देत नाही. या संशोधनासाठी 1792 मध्ये त्याला रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले.

आपल्या आज्या हे पदकाशिवाय जाणत होत्या. रात्री चुलीतले निखारे राखेखाली झाकून ठेवायचे आणि सकाळी राख बाजूला करून फुंकर घालायची, की विस्तव तयार. राखेच्या कणांमध्ये हवा अडकलेली असते, म्हणून निखाऱ्याची उष्णता बाहेर जात नाही. त्याच कारणाने होमानंतरची राख वरून थंड वाटली तरी आत तासन् तास धगधगत असू शकते. ती प्लास्टिकच्या बादलीत किंवा कचऱ्याच्या पिशवीत भरणे हे घर पेटवण्याचे आमंत्रण असते.

भिक्षुकांचे स्थंडिल हेही याच नियमावर उभे आहे. जमिनीवर माती-वाळूचा चौकोनी ओटा करून त्यावर अग्नी प्रज्वलित करायचा, ही जुनी पद्धत. कोरड्या वाळूतून उष्णता घट्ट दगडाच्या मानाने कितीतरी हळू उतरते, कारण तिच्या कणाकणांत हवा असते. गुरुजी विटा आणि वाळू मागतात तेव्हा ते धर्माबरोबर पदार्थविज्ञानही सांगत असतात.

तोफेचे भोक आणि उकळलेले पाणी

म्युनिकच्या शस्त्रागारात पितळी तोफांना भोक पाडण्याचे काम पाहताना रम्फर्डला एक गोष्ट खटकली. गिरमिट फिरू लागले की तोफ चांगलीच तापे, आणि फिरत राहिले तोवर तापतच राही. त्या काळच्या बहुतेक विद्वानांच्या मते उष्णता म्हणजे कॅलरिक नावाचा एक अदृश्य, वजनरहित द्रव होता. पदार्थात तो भरलेला असतो आणि पिळला की बाहेर येतो. मग तोफेतला हा द्रव कधी संपतच कसा नाही?

रम्फर्डने मुद्दाम बोथट गिरमिट घेतले, तोफेचा तो भाग पाण्याने भरलेल्या लाकडी पेटीत बसवला आणि घोड्यांकडून यंत्र फिरवले. सुमारे अडीच तासांनी विस्तवाशिवाय पाणी उकळले. बघणारे थक्क झाले. 1798 मध्ये त्याने रॉयल सोसायटीपुढे निबंध मांडला. जी गोष्ट घर्षणातून न संपता निघत राहते ती पदार्थ असू शकत नाही, ती एक प्रकारची गती असली पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद होता. लोकांनी तो लगेच मान्य केला नाही. जूल यांच्या मोजमापांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यावर शिक्कामोर्तब झाले.

लंडनची धुरकट घरे

1795 मध्ये रम्फर्ड लंडनला परतला तेव्हा शहर कोळशाच्या धुराखाली गुदमरत होते. प्रत्येक घरात भिंतीतल्या कोनाड्यात शेकोटी, वर मोठे धुराडे. कोनाडे इतके खोल आणि धुराडी इतकी रुंद होती की बहुतेक उष्णता आणि खोलीतली गरम हवा सरळ आभाळात जाई, आणि वारा उलटा फिरला की धूर खोलीत येई. शेकोटीसमोर बसणाऱ्याचे तोंड भाजे आणि पाठ गारठे.

धुराड्यांची दुसरी बाजू आणखी वाईट होती. काजळी साफ करायला लहान मुलांना धुराड्यात चढवत. 1775 मध्ये पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने धुराडी साफ करणाऱ्यांना वृषणकोशाचा कर्करोग होतो आणि त्याचे कारण काजळी आहे, असे दाखवून दिले. व्यवसायामुळे आणि बाहेरच्या पदार्थामुळे कर्करोग होतो, हे वैद्यकाने ओळखल्याचे हे पहिल्या उदाहरणांपैकी एक. जास्त काजळी म्हणजे अर्धवट जळलेले इंधन, आणि अर्धवट जळलेले इंधन म्हणजे वाया गेलेला पैसा व बिघडलेले फुप्फुस, हे समीकरण तेव्हाही तेच होते.

रम्फर्डने 1796 मध्ये शेकोटीवर सविस्तर निबंध छापला. त्याच्या सुधारणा गवंड्याला एका दिवसात करता येण्याजोग्या होत्या. धुराड्याचा गळा, म्हणजे शेकोटीच्या लगेच वरचा भाग, चार इंचांपर्यंत अरुंद करायचा. कोनाड्याची खोली कमी करून आग पुढे आणायची. बाजूच्या भिंती समांतर न ठेवता बाहेरच्या बाजूला तिरप्या करायच्या, म्हणजे त्यांच्यावर पडलेली उष्णता खोलीत परत येईल. गळा अरुंद झाल्यावर सफाई कशी करायची, तर तिथला एक दगड किंवा काही विटा काढता-घालता येतील अशा बसवायच्या. धूर नीट वर जाऊ लागला, खोली उबदार झाली आणि इंधन कमी लागू लागले. लंडनमध्ये त्याने स्वतः शेकड्याने धुराडी दुरुस्त केली. अमेरिकेत थॉमस जेफरसनने आपल्या घरी तशा शेकोट्या बसवल्या, आणि जेन ऑस्टिनच्या एका कादंबरीत रम्फर्डच्या शेकोटीचा उल्लेख येण्याइतके ते नाव घरोघरी पोचले.

लोखंड की वीट?

शेकोटीच्या आतल्या अंगाला काय वापरावे, यावर रम्फर्डने बराच विचार केला. धातू त्याला तिथे नको होते. आग सोसणारा दगड, साधी वीट आणि चुन्याचे काम त्याने पसंत केले, कारण धातू उष्णता चटकन ओढून घेऊन मागे पोचवतो. बाजूच्या भिंतींना चुना लावावा, असेही त्याने सांगितले.

इथे त्याची थोडी चूकही नोंदवायला हवी. पांढरा रंग उष्णतेचे किरण भरपूर परतवतो, असा त्याचा विश्वास होता. इतका, की उतारवयात हिवाळ्यात तो पांढरे कपडे घालून पॅरिसमध्ये फिरे आणि लोक हसत. आज आपल्याला माहीत आहे की डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या बाबतीत चुना हा काळ्या भिंतीहून फार निराळा वागत नाही. गुळगुळीत, चकचकीत धातूचा पृष्ठभाग मात्र खरोखर निराळा वागतो. उघडा, घासलेला पितळी डबा आणि कापड गुंडाळलेला तसाच डबा गरम पाणी भरून ठेवले, तर कापडवाला आधी थंड होतो, हे रम्फर्डनेच मोजून दाखवले होते. द्रव आणि वायू यांतून उष्णतेचे वहन अजिबात होत नाही, हे त्याचे मतही चुकीचे ठरले. ते होते, पण फार कमी. निष्कर्ष टोकाचा असला तरी त्यातून निघालेले व्यवहारी शहाणपण टिकले.

आता आग पुढे आणल्याचा एक परिणाम लक्षात घ्या. आग जितकी खोलीच्या जवळ, तितकी तिच्यापुढची फरशी जास्त तापते आणि उडालेली ठिणगी खोलीत पडण्याची शक्यता वाढते. म्हणून शेकोटीइतकेच तिच्यापुढच्या आणि खालच्या जमिनीला महत्त्व आहे. जुन्या युरोपीय घरांत दगडी चौथऱ्याखाली लाकडी तुळया असत. वर दगड थंड दिसे आणि खाली तुळई वर्षानुवर्षे भाजत राही. लाकूड साधारणपणे 250 ते 300 अंश सेल्सिअसच्या पुढे पेट घेते. पण रोज थोडे थोडे भाजले गेलेले लाकूड काळवंडत जाते आणि त्याहून कमी तापमानालाही धुमसू शकते. आग लागते ती रात्री, फरशीखाली, कोणाला न दिसता.

फरशी निवडताना

आगीपासून जमिनीला तीन प्रकारचा धोका असतो : उडणारी ठिणगी, समोरून येणारे प्रारण आणि खाली झिरपणारे वहन. तिन्हींचा बंदोबस्त वेगवेगळा आहे.

ठिणगीसाठी न जळणारा, सांधे नसलेला पृष्ठभाग पुरतो. कडप्पा, शहाबादी, कोटा, ग्रॅनाइट, काळा बसाल्ट, चिनी मातीची लादी, यांतले काहीही चालते. अमेरिकेतल्या रूढ अग्निसुरक्षा नियमांनुसार, शेकोटीचे तोंड सहा चौरस फुटांपेक्षा लहान असेल तर असा पृष्ठभाग तोंडापुढे किमान 16 इंच आणि दोन्ही बाजूंना 8 इंच हवा. तोंड त्याहून मोठे असेल तर पुढे 20 आणि बाजूंना 12 इंच. महाबळेश्वर-पाचगणीकडच्या बंगल्यात शेकोटी करून घेणाऱ्यांनी ही मापे गवंड्याला आधीच सांगावीत. गालिचा आणि लाकडी फर्निचर या पट्ट्याच्या बाहेर ठेवावे.

वहनाचा प्रश्न मात्र पातळ लादीने सुटत नाही. ग्रॅनाइटमधून साध्या विटेच्या तिप्पट-चौपट वेगाने उष्णता जाते, आणि लाकडाच्या मानाने दहापटीहून जास्त. म्हणजे लाकडी जमिनीवर ग्रॅनाइटची पाऊण इंची लादी बसवली तर ती स्वतः जळणार नाही, पण खालच्या लाकडाला उष्णता बिनतक्रार पोचवेल. त्यासाठी लादीखाली उष्णता अडवणारा थर हवा : कॅल्शियम सिलिकेटची पाटी, व्हर्मिक्युलाइट किंवा परलाइट मिसळलेले काँक्रीट, पोकळ विटांचा थर, किंवा हवा खेळेल अशी मोकळी फट. इंग्लंडमध्ये उघड्या शेकोटीखालचा पक्का चौथरा किमान 125 मिलिमीटर जाड असावा, असा दंडक आहे. अ‍ॅस्बेस्टॉसचा पत्रा मात्र नको. तो जळत नाही हे खरे, पण त्याचे तंतू फुप्फुसात गेले की कित्येक वर्षांनी जीवघेणे आजार होतात.

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये जमीन सिमेंटच्या स्लॅबची असते, म्हणून ती पेटण्याची भीती नाही. तिथे लादी तडकते. मधला भाग तापून पसरू पाहतो, थंड कडा त्याला पसरू देत नाहीत, आणि ताण असह्य झाला की लादी फुटते. तिचा कपचा उडून डोळ्याला किंवा पायाला लागू शकतो. ओला दगड आणखी धोकादायक. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटतो. म्हणून नदीतले गोटे शेकोटीभोवती रचू नयेत, आणि तापलेल्या कुंडावर किंवा फरशीवर एकदम थंड पाणी ओतू नये.

होमासाठी साधा उपाय असा. आधी कोरड्या विटांचा थर, विटांमध्ये बोटभर फट ठेवून. त्यावर दुसरा थर आडवा. त्यावर दोन-तीन इंच कोरडी वाळू आणि मग कुंड. विटांचा चौथरा कुंडापेक्षा चारी बाजूंनी मोठा असावा. जमीन लॅमिनेट किंवा व्हिनाइलची असेल तर होम दुसऱ्या खोलीत, शक्यतो बाल्कनीजवळ उघड्या हवेत करावा. पडदे आणि वरचे फॉल्स सीलिंग यांच्याकडेही एकदा बघून घ्यावे.

धूर विसरू नका

फरशी सांभाळली तरी हवा सांभाळावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे 2020 मध्ये जगात सुमारे 32 लाख मृत्यू झाले. त्यातला मोठा वाटा लाकूड, गोवऱ्या आणि कोळसा जाळणाऱ्या घरांचा. बाळंतिणीला शेक देण्यासाठी किंवा थंडीत ऊब मिळावी म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणे जीवावर बेतू शकते. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. डोके दुखते, झोप येते आणि माणूस झोपेतच जातो. शेगडी असेल तिथे खिडकी उघडी हवी, आणि झोपण्यापूर्वी शेगडी खोलीबाहेर हवी.

हल्ली दिवाणखान्याच्या शोभेसाठी बायोइथेनॉलवर चालणाऱ्या शेकोट्या विकत मिळतात. त्यांना धुराडे लागत नाही, म्हणून त्या फ्लॅटमध्ये आल्या आहेत. धुराडे नाही म्हणजे जळण्याची सगळी हवा तुमच्याच खोलीतली, हे लक्षात ठेवावे आणि खिडकी थोडी उघडी ठेवावी. भांडे गरम असताना किंवा ज्योत विझल्यासारखी वाटताना त्यात इंधन ओतल्याने भडका उडून माणसे भाजली आहेत. इथेनॉलची ज्योत उजेडात नीट दिसत नाही. भांडे पूर्ण थंड झाल्याशिवाय पुन्हा भरायचे नाही, हा नियम मोडू नये.

आणि कोणी भाजलेच तर? भाजलेला भाग वाहत्या साध्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. बर्फ नको, टूथपेस्ट, हळद, तूप, शाईही नको. अंगठ्या-बांगड्या लगेच काढाव्यात, चिकटलेले कापड ओढू नये, स्वच्छ कापडाने सैल झाकून दवाखाना गाठावा. अंगावरच्या कपड्यांनी पेट घेतला तर पळू नये, जमिनीवर लोळावे. आगीसाठी 101 किंवा 112 हा क्रमांक घरातल्या मुलांनाही पाठ असावा.

शेवटची वर्षे

1799 मध्ये रम्फर्डने लंडनमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनच्या स्थापनेत पुढाकार घेतला. विज्ञान कारागिरांपर्यंत आणि घरांपर्यंत पोचावे, हा तिचा हेतू. 1801 मध्ये तिथे तरुण हम्फ्री डेव्हीची नेमणूक झाली. खाणीतल्या वायूने पेट घेऊ नये म्हणून जाळीचा दिवा बनवणारा तो हाच डेव्ही. पुढे मायकेल फॅरेडेही तिथेच घडला. रम्फर्डचे सहकाऱ्यांशी मात्र पटले नाही. हट्टी आणि अहंमन्य स्वभावाने त्याने मित्र गमावले आणि तो पॅरिसला गेला.

तिथे त्याने मारी-अ‍ॅनशी लग्न केले. ती होती थोर रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांची विधवा. उष्णतेला द्रव मानणाऱ्या सिद्धांताला कॅलरिक हे नाव आणि मोठे वजन ज्याने दिले, त्याच्या घरात तो सिद्धांत मोडणारा माणूस जावई म्हणून नव्हे, नवरा म्हणून गेला. संसार टिकला नाही. तिला घरात पाहुण्यांची वर्दळ हवी होती, याला एकांत. एकदा याने पाहुण्यांना फाटकाबाहेर रोखले, तेव्हा तिने त्याच्या लाडक्या फुलझाडांवर उकळते पाणी ओतले, असे त्याने मुलीला कळवले होते. 1809 मध्ये दोघे वेगळे झाले. 21 ऑगस्ट 1814 रोजी पॅरिसजवळच्या ओतय येथे तो वारला.

देशाला सोडून गेलेला, बायकोमुलीला मागे टाकलेला, मित्रांशी भांडलेला असा हा माणूस. त्याच्याबद्दल प्रेम वाटावे असे फार नाही. पण त्याने रॉयल सोसायटीला आणि अमेरिकेतल्या विज्ञान अकादमीला उष्णता व प्रकाशावरच्या संशोधनासाठी पैसे दिले, आणि ती पदके आजही दिली जातात. धुराने डोळे चोळणाऱ्या स्वयंपाकिणीचा आणि गारठलेल्या सैनिकाचा प्रश्न त्याने प्रयोगशाळेच्या दर्जाचा मानला, हे त्याचे मोठेपण.

पुढच्या वेळी घरात होम असेल, तेव्हा गुरुजींनी विचारायच्या आधीच विटा आणि वाळू आणून ठेवा. कुंडाखालच्या विटेवर काही वेळाने हात ठेवून पाहा. वरची वीट तापलेली असेल, खालची कोमट, आणि फरशी गार. तेराव्या वर्षी भाजलेल्या त्या मुलाने आयुष्यभर मोजले ते हेच.